तिन्हीसांजेची शीळ

दिवेलागणीच्या आधी दोन-चार मिनिटं अशी असतात की उजेड निघून गेलेला असतो आणि अंधार मात्र अजून उंबऱ्याशी घुटमळत असतो. तेवढ्या त्या फटीतून मला अजून एक शीळ ऐकू येते. मी पुण्यात राहते, चौथ्या मजल्यावर. खाली रिक्षांचे आणि दुचाक्यांचे आवाज एकमेकांत कालवलेले असतात, शेजारच्या घरात कुकरची शिट्टी होत असते, आणि तरी त्या सगळ्याच्या पाठीमागून, फार लांबून, समुद्राच्या अंगाने आल्यासारखी ती येते. अर्धा वारा, अर्धा सूर. मी हातातलं काम बाजूला ठेवते. तुम्हीही बसा थोडा वेळ, घाई नाही.

ती शीळ माझ्या धाकट्या काकांची. काका बोटीवर होते. आमच्या देवगडच्या बाजूला ‘तो बोटीवर आसा’ एवढं म्हटलं की पुरे होई. कुठली बोट, काय काम, कुठला देश, हे पुढे कोणी विचारत नसे. माणूस वर्ष-दीड वर्ष डोळ्यांना दिसत नसे आणि मग एके दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून निघालेली आगबोट विजयदुर्गला थांबली की, आगबोटीतून पडावात आणि पडावातून काठावर उतरून तो घराच्या पाणंदीला लागे, मागून हमालाच्या डोक्यावर पत्र्याची ट्रंक. काका इंजिनखोलीत कामाला होते. विहिरीवर कितीही वेळा साबण लावून आंघोळ केली तरी त्यांच्या अंगाचा तेलाचा वास जात नसे आणि नखांच्या कडेची काळी रेघ सुट्टी संपेपर्यंत तशीच राही. ट्रंकेतून आजीसाठी नायलॉनचं पातळ निघे (ती ते कधी नेसली नाही, देवाच्या फडताळात घडी घालून ठेवी), आम्हा मुलांसाठी रंगीत पेन्सिली निघत, घरासाठी मोठी बॅटरी निघे. आणि ट्रंकेत न मावणारी एक गोष्ट त्यांनी योकोहामाच्या बंदरातून आणली होती. ही चाल.

शब्द त्यांना येत नव्हते. निदान आमच्यासमोर त्यांनी ते कधी उच्चारले नाहीत. ओठ अगदी किंचित उघडे ठेवून, जीभ कुठेतरी आत दडवून ते शीळ घालत, आणि तिच्यात तोऱ्याचा लवलेशही नसे. मुलं उनाडक्या करताना घालतात तसली ती नव्हती. ती एकेक पाऊल टाकत यायची. सुरुवातीला सारख्या अंतराची चार पावलं, मग एक चढण, चढणीवर जरा दम घेणं. मराठीत गाण्याच्या बांधणीलाही चाल म्हणतात आणि माणसाच्या चालण्यालाही चालच म्हणतात. लहानपणी मला हे एकच वाटायचं, कारण काकांची ही चाल खरोखरच कुणीतरी एकटं चालत जात असल्यासारखी होती. पोफळीच्या बागेतून, ओल्या पाटाच्या कडेने, हातात कंदील नाही, कुणी सोबतीला नाही, आणि तरी वाट माहीत असलेलं कुणीतरी.

चाल पूर्ण मात्र कधी होत नसे. उतार यायच्या आतच माजघरातून आजीचा आवाज येई, “तिन्हीसांजा शीळ घालू नको रे झिला, जनावर येता.”

आमच्याकडे दिवेलागणीला सापाचं नाव घेत नाहीत. जनावर म्हणायचं, नाहीतर लांबडं. काका ओशाळून हसत आणि गप्प होत. सूर तसाच अर्ध्यात, चढणीवर उभा राही. मग आजी तुळशीपाशी दिवा लावी, आम्ही परवचा म्हणायला बसत असू, आणि ते अर्धवट राहिलेलं चालणं माझ्या पोटात रात्रभर कुठेतरी हिंडत राही. पुढे काय होतं त्या वाटेवर? मी एकदा काकांना विचारलंही होतं. ते म्हणाले, “बाय, जपानी गाणा ता. माका चाल येता तेवढीच.”

तेवढीच. एक संध्याकाळ सोडली तर किती वर्षं ती माझ्याकडे तेवढीच होती.

उरलेली मला मिळाली 2011 साली. त्या मार्चमध्ये जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर समुद्र चालून आला होता, आणि आपण सगळेच दूरदर्शनच्या पडद्यावर ती काळी, घरं वाहून नेणारी लाट पाहत होतो. माझी भाची तेव्हा जपानी शिकत होती. पुण्यात जपानी शिकणारी मुलं घरोघरी सापडतात, त्यातलीच ती एक. तिच्या वह्यांमधली ती चित्रासारखी अक्षरं मी कौतुकाने पाहायची. एका संध्याकाळी ती संगणकापुढे बसली होती आणि मी आमटीला फोडणी देत होते. जपानमधल्या नटनट्यांनी आणि गायकांनी त्या दिवसांत लोकांना धीर द्यायला दोन जुनी गाणी म्हटली होती, एकेकाने एकेक ओळ, साध्या कपड्यांत, कॅमेऱ्याकडे पाहत. ती चित्रफीत तिने लावली. चार सारखी पावलं. चढण. माझ्या हातातली पळी तशीच राहिली. मोहरी करपली.

“आत्या, काय झालं?”

मला काही सांगता येईना. मी तिला म्हटलं, थांबवू नकोस, पुढे जाऊ दे. आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षं चढणीवर उभं राहिलेलं ते कुणीतरी त्या संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात उतार उतरून खाली आलं.

मग भाचीने मूळ गाणं शोधून लावलं. एका तरुण मुलाचा आवाज, स्वच्छ, किंचित अडखळल्यासारखा; शब्दांना मधेच मोडून त्यांचे छोटे तुकडे करणारा. हा मुलगा म्हणजे क्यू साकामोतो. 1941 च्या डिसेंबरात कावासाकीला जन्मलेला, आईवडिलांचं नववं मूल. जपानीत नऊला क्यू म्हणतात, आणि त्याच्या नावातलं ते अक्षर नवाचंच आहे. आपल्याकडे नाही का नकुशा, धोंडू, भिकू अशी नावं ठेवून आईबाप मुलाच्या जन्माची हकिगतच त्याच्या कपाळावर लिहून टाकत? तसंच काहीसं. सगळा देश पुढे त्याला लाडाने क्यू-चान म्हणायला लागला. युद्धानंतरच्या त्या ओढग्रस्तीच्या वर्षांत अमेरिकी सैनिकांच्या रेडिओवरून येणारी गाणी ऐकत वाढलेल्या पिढीतला तो. शाळकरी वयात एल्व्हिसची नक्कल करायचा, विशीच्या आत रंगमंचावर रॉकाबिली गाऊ लागला.

गाणं 1961 चं. शब्द रोकुसुके एई यांचे, चाल हाचिदाई नाकामुरा यांची. जपानी आकड्यांत रोकु म्हणजे सहा, हाची म्हणजे आठ, क्यू म्हणजे नऊ. म्हणून तिथे या तिघांना सहा-आठ-नऊ असंच म्हणत. मला हे फार आवडलं. जणू तीन माणसं एका रांगेत उभी आहेत आणि सातवा कुणीतरी उठून गेला आहे. त्याच्या जागेवर हे गाणं बसलं आहे.

आणि सातवा खरोखरच उठून गेला होता, असं गाण्याची जन्मकथा ऐकल्यावर वाटतं. 1960 मध्ये अमेरिकेशी झालेल्या संरक्षण कराराच्या विरोधात टोकियोच्या रस्त्यांवर लाखो माणसं उतरली होती. एई त्यांत होते. 15 जूनला संसदेच्या आवारात झालेल्या धुमश्चक्रीत मिचिको कान्बा ही बावीस वर्षांची विद्यार्थिनी मरण पावली. करार व्हायचा तो झालाच. त्या पराभवानंतर घराकडे चालत येताना मनात जे दाटून आलं त्यातून एई यांनी हे शब्द लिहिले. पण ते मोर्च्याचं गाणं झालं नाही. कुणाचा निषेध त्यात नाही, कुणाचं नाव नाही. रात्र आहे, एकटं चालणं आहे, आणि डोळ्यांतलं पाणी खाली सांडू नये म्हणून मान वर करून चालणारा एक माणूस आहे. बस. त्याला काय दुःख आहे ते गाणं सांगत नाही. म्हणून ते ज्याचं त्याला आपलं वाटतं. ज्याचं प्रेम गेलं त्याला प्रेमाचं, ज्याचं घर वाहून गेलं त्याला घराचं. गाण्याचं नावच मुळी ‘उए ओ मुइते आरुको’, वर पाहत चालू या.

मान वर.

भाचीने या नावाचा अर्थ सांगितला तेव्हा मला काकांची हनुवटी दिसली. ते मी थोड्या वेळाने सांगते.

एई यांना म्हणे सुरुवातीला क्यूचं गाणं मुळीच रुचलं नव्हतं. आपण इतकं मनातलं लिहून दिलं आणि हा पोरगा शब्द मोडतो, स्वरांना उचक्या दिल्यासारखे झटके देतो, थट्टा तर करत नाही ना, असं त्यांना वाटलं. मी ते गाणं आता शेकडो वेळा ऐकलं आहे, आणि मला वाटतं त्या झटक्यांतच त्याचा जीव आहे. आतून हुंदका येत असताना माणूस नेटाने हसत बोलायला लागला तर शब्द असेच मोडतात. क्यू एकोणीस वर्षांचा होता, हसरा होता, चेहऱ्यावर तारुण्यपीटिका होत्या. आणि त्या हसऱ्या आवाजात ते दुःख इतकं निःसंकोच बसलं की एखाद्या भारदस्त गळ्यात ते बसलं नसतं. एनएचकेवरच्या एका कार्यक्रमात त्याने ते गायलं आणि पाहता पाहता जपानभर झालं. बंदरांतल्या खानावळींत, दुकानांत, न्हाव्याकडे. तिथेच कुठेतरी, चार तासांच्या रजेवर उतरून, तेलाच्या वासाच्या माझ्या काकांनी ते ऐकलं असणार.

आता या गाण्याच्या प्रवासातली मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट. ते पश्चिमेला पहिल्यांदा पोचलं तेही शब्दांवाचूनच. 1963 च्या सुरुवातीला केनी बॉल या इंग्रज जॅझवादकाने त्याची नुसती धून वाजवली आणि ती इंग्लंडमध्ये लोकप्रिय झाली. मूळ नाव तिथल्या जिभांना वळेना म्हणून तबकडी काढणाऱ्यांनी तिला सुटसुटीत नाव दिलं, सुकियाकी. सुकियाकी हा एक पदार्थ आहे. मांसाच्या पातळ चकत्या आणि भाज्या एका भांड्यात सोया आणि साखर घालून शिजवतात तो. गाण्याशी त्याचा सुतराम संबंध नाही. आपल्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलत. ताटात तांदूळ पसरून अंगठीच्या टोकाने नवं नाव लिहीत, सगळ्यांना पेढे वाटत, आणि तिला कुणी विचारत नसे. माझंही एकदा तसं बदललं. बदललेल्या नावाने पन्नास वर्षं हाका ऐकल्यावर माणूस ओ देतं, देतच राहतं. पण माहेरच्या नावाने कुणी अवचित हाक मारली की काळजात काय हलतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. त्या गाण्याला मी कधीही सुकियाकी म्हणत नाही.

पुढे अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या एका लहान गावच्या रेडिओ केंद्रावर मूळ जपानी तबकडी वाजली, ऐकणाऱ्यांचे फोनवर फोन आले, आणि मग ती देशभर निघाली. अमेरिकेतल्या बहुतेकांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तरी 15 जून 1963 रोजी ते गाणं तिथल्या बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि तीन आठवडे तिथेच राहिलं. 15 जून. मिचिको कान्बा गेली त्याला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती. युद्ध संपून अठराच वर्षं झालेल्या त्या देशात, जपानी माणसाच्या आवाजात, जपानी भाषेत, एका हरलेल्या संध्याकाळचं गाणं घराघरांतून वाजत होतं, आणि ते कशाबद्दल आहे हे कुणाला माहीत नव्हतं.

खरंच माहीत नव्हतं का? मला तसं म्हणवत नाही. आठ वर्षांच्या मला, पोफळीच्या बागेशेजारी बसून, ते कुणीतरी रडू आवरत चालतं आहे हे कळलंच होतं की.

त्यानंतर क्यूची दुसरी एक तबकडी अमेरिकेत आली. ती अठ्ठावन्नाव्या क्रमांकापर्यंत पोचली आणि थांबली. मग तिथल्या यादीत तो पुन्हा दिसला नाही. तिकडच्या पुस्तकांत तो म्हणूनच एका गाण्याचा गायक. हे वाचलं की माझ्या मनात काहीतरी टोचतं. ज्या अंगणात तो एकदाच आला त्या अंगणाने ठरवायचं की तो किती वेळा घराबाहेर पडला? स्वतःच्या देशात तो चोवीस वर्षं गात होता. त्याचं रात्रीच्या ताऱ्यांकडे पाहायला सांगणारं गाणं, उद्याचा दिवस आहेच असं म्हणणारं गाणं, सुखी असाल तर टाळ्या वाजवा म्हणणारं गाणं, ही तिथल्या शाळांतून मुलं म्हणतात. तो दूरचित्रवाणीवर कार्यक्रम करायचा, सिनेमांत दिसायचा, अपंग मुलांसाठीच्या कामात मनापासून असायचा, हातवाऱ्यांच्या भाषेत गाणं बसवायचा. 1971 मध्ये एका अभिनेत्रीशी त्याचं लग्न झालं, दोन मुली झाल्या. अमेरिकेने मोजायचं थांबवलं तेव्हा त्याचं आयुष्य तर नुकतंच सुरू होत होतं.

आणि समजा, एकच असतं. तरी काय? सव्वा कोटीहून जास्त तबकड्या जगभर गेल्या म्हणतात. आमच्या घरात एकही आली नव्हती, वाजवायला यंत्रही नव्हतं. तिथे एका माणसाच्या ओठांवरून ते आलं आणि एवढ्यावर आमचं सगळं बालपण त्याने भरून टाकलं.

आता काकांची हनुवटी.

आजी श्रावणात गेली. मी दहा वर्षांची होते. पाऊस असा की तिरडीवर ताडपत्री धरून न्यावं लागलं. काकांना तार केली होती, पण बोट तिच्या आधी बंदर सोडून गेली. तार बंदरामागून बंदर त्यांच्या मागे हिंडली आणि त्यांच्या हातात पडली तेव्हा तेराव्याला महिना उलटला होता. कार्तिकात, आगबोटी पुन्हा सुरू झाल्यावर, ते आले. ट्रंक ओटीवर ठेवली. नेहमीप्रमाणे विहिरीवर गेले, आंघोळ करून आले, देवाला नमस्कार केला. आजीच्या खाटेच्या जागेकडे त्यांनी पाहिलं नाही. बायका पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. सगळ्यांना वाटत होतं, आता फुटेल बांध. काकांनी कोरा चहा घेतला, वाटेतल्या समुद्राचं काहीबाही सांगितलं, आम्हाला पेन्सिली दिल्या. आणि मग ट्रंकेच्या तळातून एक पातळ काढलं, दर वेळी आणत तसंच, आणि आईच्या हातात न देता स्वतःच फडताळात, आधीच्या पातळांवर ठेवून आले.

दिवेलागण झाली. आईने तुळशीपाशी दिवा लावला आणि ती आत गेली. काका खळ्यात गेले. नवं सारवलेलं खळं, कार्तिकातला कोरडा गार वारा, पोफळींच्या शेंड्यांमधून दिसणारा आकाशाचा तुकडा. मी ओटीच्या कठड्याला टेकून उभी होते. त्यांची माझ्याकडे पाठ होती. आणि शीळ सुरू झाली.

चार पावलं. चढण. मी श्वास रोखून धरला, कारण इथेच आतून हाक यायची असे. घर गप्प होतं. वडील ओटीवर होते, त्यांनी मान खाली घातली. आई माजघराच्या दारात येऊन थबकली. कुणी काही बोललं नाही. शीळ चढणीवर थांबली, अगदी सवयीने, आजीसाठी जागा ठेवावी तशी. किती वेळ थांबली कोण जाणे. मग पुढे गेली.

अंधारात मला एवढंच दिसत होतं की काकांनी हनुवटी वर केली आहे. इतकी वर की मानेची शीर ताणलेली दिसावी. मला वाटलं ते तारे पाहत आहेत. मीही पाहिले.

एवढंच. या गोष्टीविषयी आमच्या घरात पुढे कधी कुणी बोललं नाही. काका त्यानंतरही बरीच वर्षं बोटीवर होते. शेवटी घरी येऊन राहिले, आंब्याच्या चार कलमांची निगा राखत राहिले आणि एका मेमध्ये झोपेतच गेले. त्यांना त्या शब्दांचा अर्थ कुणी सांगितला होता का, हे विचारायचं मला सुचलं नाही, कारण शब्द आहेत हेच मी विसरून गेले होते. पण भाचीने नावाचा अर्थ सांगितला त्या संध्याकाळी, करपलेल्या मोहरीच्या वासात, मी ओट्याला धरून उभी राहिले. कुणी सांगितला नसला तरी काय. चाल होती ना त्यांच्यापाशी.

क्यू साकामोतो गेला तो 12 ऑगस्ट 1985 ला. तो ओबोनचा आठवडा होता. ओबोनला जपानमध्ये पितर घरी येतात म्हणतात, आणि शहरांत पांगलेली माणसं त्यांच्यासाठी गावाकडे निघतात; आपल्याकडे पितृपक्ष आणि गणपतीला कोकणात जाणारे चाकरमानी एका आठवड्यात आले असते तर जशी गर्दी झाली असती, तशी. टोकियोहून संध्याकाळी सव्वासहाच्या आत निघालेलं ओसाकाचं विमान गच्च भरलं होतं. सात वर्षांपूर्वी त्या विमानाच्या शेपटीकडच्या भागाची दुरुस्ती चुकीची झाली होती. बारा मिनिटांनी तो भाग फुटला, सुकाणू गेलं. त्यानंतर बत्तीस मिनिटं ते विमान, ताबा नसलेलं, डोंगरांवर हिंदकळत राहिलं. आतल्या काहींनी त्या वेळात हाताला मिळेल त्या कागदावर घरच्यांसाठी चार ओळी लिहिल्या. 6 वाजून 56 मिनिटांनी, तिन्हीसांजेला, ते गुन्माच्या डोंगरात कोसळलं. 524 माणसांतली 4 वाचली. क्यूची ओळख गळ्यातल्या देवाच्या पदकावरून पटली. तो त्रेचाळीस वर्षांचा होता.

मी त्या बत्तीस मिनिटांचा विचार फार करत नाही. करवत नाही. फक्त ऑगस्टातल्या त्या दिवशी, आमच्याकडे बहुधा श्रावण असतो, दिवा लावताना आजीबरोबर त्याचीही आठवण येते. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलं नव्हतं, आणि एकाच चढणीवर ती दोघं माझ्यासाठी उभी आहेत.

भाची आता जपानला असते. एकदा तिने मला सांगितलं, “आत्या, इथेही म्हणतात गं, रात्री शीळ घालू नये, साप येतो.” मी तिला ते दोनदा सांगायला लावलं. म्हणजे कावासाकीतही कुठल्यातरी माजघरातून एखाद्या आजीने नऊ मुलांतल्या कुणाला अशीच हाक दिली असेल. आणि तरी त्या मुलाने रात्रीच्या गाण्यात शीळ घातली, अगदी उघड्यावर, साऱ्या जगाला ऐकू जाईल अशी. परवा तिने फोनवर एक ध्वनिफीत पाठवली. कावासाकीच्या केइक्यू मार्गाच्या स्थानकात गाडी येताना आता हीच धून वाजते. माणसांच्या पायांचा आवाज, कुणाचं तरी हसणं, आणि त्यातून चार सारखी पावलं. मग गाडी आली आणि उरलेलं तिच्या खडखडाटात बुडून गेलं. अर्धवटच राहिलं. मी ती फीत पुसलेली नाही.

मला शीळ घालता येत नाही. मुलींनी घालायची नसते, म्हणून कधी शिकले नाही. तुम्हाला मात्र एक सांगते. ते गाणं आता कुठेही मिळेल, तीन मिनिटांचं आहे. दिवेलागणीला लावा, आणि उत्तरार्धात शब्द थांबले की संपलं समजून बंद करू नका. शीळ तिथे आहे.